चाळीस सदस्यांच्या सभागृहातील एक मत

मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते, हे संविधानाच्या अनुच्छेद १६४ मधील तत्त्व शालेय नागरिकशास्त्रापासून सर्वत्र शिकविले जाते. मोठ्या आणि लहान राज्यांना ते सारखेच लागू आहे. तथापि सभागृहाच्या आकारमानाप्रमाणे त्याचा प्रत्यक्ष व्यवहार किती बदलतो, याचा विचार फारसा केला जात नाही. महाराष्ट्र विधानसभेत २८८ सदस्य आहेत. शेजारच्या गोवा विधानसभेत ४०. दोन्हीकडे संविधान एकच, कामकाजाच्या पद्धतीही बहुतांशी एकसारख्या. परंतु चाळीस सदस्यांच्या सभागृहात पक्षाबाहेरून निवडून आलेल्या एका सदस्याच्या मताला जे वजन प्राप्त होते, ते २८८ सदस्यांच्या सभागृहात क्वचितच प्राप्त होते.

ग्रामपंचायतीत काम करणाऱ्यांना ही गोष्ट अधिक सांगावयास नको. सात सदस्यांच्या पंचायतीत एका सदस्याने बाजू बदलली की गावच्या कारभाराची दिशा बदलू शकते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हांवर लढविल्या जात नाहीत. त्या अर्थाने तेथील प्रत्येक सदस्य अपक्षच असतो. विधानसभेत मात्र पक्ष आहेत, पक्षादेश आहेत, पक्षांतरास आळा घालणारा कायदा आहे, आणि या सर्वांच्या कक्षेबाहेर उभा असलेला अपक्ष सदस्यही आहे. त्याचे मत आणि मंत्रिमंडळाची सत्ता यांचा तोल गोव्यात कसा सांभाळला गेला, तो कोठे ढळला आणि त्यापायी सभागृहाला काय गमवावे लागले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

चाळिसांचे गणित

गोवा विधानसभेचे सर्व ४० सदस्य उपस्थित आहेत असे धरून चालू. त्यांपैकी एक सभापती होतो. (महाराष्ट्रात विधानसभेच्या पीठासीन अधिकाऱ्यास अध्यक्ष म्हणतात, गोव्यात सभापती ही संज्ञा रूढ आहे.) अनुच्छेद १८९ अन्वये सभापती प्रथमतः मत देत नाहीत, दोन्ही बाजूंची मते समान पडली तरच ते आपले निर्णायक मत देतात. म्हणजे मतदानास ३९ सदस्य उरतात आणि बहुमतास २० मते लागतात. एखाद्या पक्षास २१ जागा मिळाल्या आणि सभापती त्याच पक्षाचा झाला, तर सरकारच्या बाजूस २० आणि विरोधात १९ अशी स्थिती राहते. पूर्ण बहुमत मिळविलेल्या पक्षाचेही सरकार अशा रीतीने एका मतावर उभे असते.

आता त्या पक्षास २० जागा मिळाल्या आणि एका अपक्षाने पाठिंबा दिला असे समजू. आकडे तेच राहतील : २० आणि १९. परंतु तो अपक्ष दुसऱ्या बाजूस गेला की १९ आणि २० होतात. एक मत इकडून तिकडे गेले असता फरक दोनाने पडतो, ही साधी गोष्ट लहान सभागृहात सरकार राहणे आणि जाणे यांमधील सीमारेषा ठरते.

अपक्षांची गरज मोठ्या सभागृहातही भासते. महाराष्ट्रात १९९५ च्या निवडणुकीत शिवसेनेला ७३ आणि भारतीय जनता पक्षाला ६५ जागा मिळाल्या. १४५ च्या बहुमतास सात जागा कमी होत्या आणि सभागृहात ४५ अपक्ष निवडून आले होते. त्यांच्यापैकी अनेकांच्या पाठिंब्याने सरकार बनले आणि काहींना मंत्रिपदेही मिळाली. परंतु जेथे सातांची गरज असते आणि पंचेचाळीस उपलब्ध असतात, तेथे कोणा एकाच्या जाण्याने आकाश कोसळत नाही. गोव्यात १९८९ च्या निवडणुकीत काँग्रेसला २०, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला १८ आणि अपक्षांना २ जागा मिळाल्या. येथे गरज एकाची आणि उपलब्ध दोनच. पाठिंब्याच्या बदल्यात काय मागितले जाईल, हे मागणाऱ्याच्या स्वभावापेक्षा या संख्येवरच अधिक अवलंबून असते.

लहान राज्यात अपक्ष निवडून येण्याची कारणेही त्या राज्याच्या आकारमानातच आहेत. २०२२ च्या निवडणुकीत गोव्यात साडेअकरा लाखांहून अधिक मतदार होते; म्हणजे एका मतदारसंघात सरासरीने सुमारे २९ हजार. महाराष्ट्रात हीच सरासरी तीन लाखांहून अधिक पडते. एकोणतीस हजार मतदारांच्या क्षेत्रात उमेदवार घरोघर पोहोचू शकतो, लग्नकार्यात आणि जत्रेत, फेस्तात भेटू शकतो, आणि पक्षाचे पाठबळ नसतानाही काही हजार मतांवर विजयी होऊ शकतो. असा सदस्य सभागृहात येतो तो पक्षाच्या जाहीरनाम्यासह नव्हे. आपल्या वाड्यांचे रस्ते, नळयोजना आणि शाळेची इमारत घेऊन येतो. यात गैर काही नाही. मात्र त्याच्या मतदारांना ही कामे हवी असतात आणि कामे मंजूर करण्याचे अधिकार मंत्र्यांपाशी असतात, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील बराच इतिहास उलगडतो.

तीस जागांचा काळ

मुक्तीनंतर गोवा, दमण आणि दीव या संघप्रदेशास १९६३ च्या कायद्याने विधानसभा मिळाली. तिच्यात निवडून द्यावयाच्या जागा ३० होत्या. डिसेंबर १९६३ मधील पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला मित्रांसह १६ आणि युनायटेड गोवन्स पक्षाला १२ जागा मिळाल्या. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विलीनीकरणाच्या प्रश्नावर प्रदेश दोन बाजूंत विभागला गेला होता आणि निवडणुका त्याच प्रश्नाभोवती फिरत होत्या. पक्षनिष्ठा बळकट असल्याने अपक्षांना फारसा वाव नव्हता. १९६७ मध्ये दोन आणि १९७२ मध्ये एक अपक्ष निवडून आला. पण सरकार त्यांच्यावर अवलंबून नव्हते.

पुढे ही स्थिती पालटली. १९७७ मध्ये श्रीमती शशिकला काकोडकर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला तिसांपैकी १५ जागा मिळाल्या, म्हणजे नेमक्या निम्म्या. पंधरा जागांवर सरकार बनते, पण ते सदैव आपले बाक मोजत बसलेले असते. एप्रिल १९७९ मध्ये पक्षातीलच काही सदस्य फुटले, सरकारचे बहुमत गेले आणि राष्ट्रपती राजवट आली. सरकार पडण्यास तेथे अपक्षांची मते नव्हे, तर स्वपक्षीयांची मते कारणीभूत झाली होती, ही बाब नोंदण्याजोगी आहे. अस्थैर्याचा सर्व दोष अपक्षांच्या माथी मारण्याची जी सवय आहे, तिला गोव्याचा इतिहास पुष्टी देत नाही.

३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले. संविधानाच्या अनुच्छेद १७० प्रमाणे राज्याच्या विधानसभेत किमान ६० सदस्य असावयास हवेत. गोव्याकरिता अनुच्छेद ३७१-झ अन्वये ही किमान संख्या ३० ठेवण्यात आली, आणि प्रत्यक्षात ४० जागा निश्चित झाल्या. या चाळीस जागांची पहिली निवडणूक म्हणजेच वर उल्लेखिलेली १९८९ ची निवडणूक. जानेवारी १९९० मध्ये प्रतापसिंह राणे यांचे सरकार आले. मार्चमध्ये वीस सदस्यांच्या काँग्रेस पक्षातून सात जण बाहेर पडले. त्यांत खुद्द सभापती डॉ. लुईस प्रोतो बार्बोझा होते. चर्चिल आलेमाव १८ दिवस मुख्यमंत्री होते, त्यानंतर डॉ. बार्बोझा मुख्यमंत्री झाले आणि डिसेंबरमध्ये पक्षांतराच्या कारणावरून त्यांचेच सदस्यत्व रद्द ठरविण्यात आले. एका वर्षात तीन मुख्यमंत्री आणि वर्षाअखेर राष्ट्रपती राजवट, असे हे १९९० साल.

कायद्याच्या दृष्टीने अपक्ष

वीस जणांतून नेमके सातच का बाहेर पडले, याचे उत्तर १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने संविधानास जोडलेल्या दहाव्या अनुसूचीत आहे. पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या किंवा पक्ष स्वेच्छेने सोडणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाते, हा तिचा मूळ नियम. परंतु विधिमंडळ पक्षाचे एक-तृतीयांश सदस्य एकत्र बाहेर पडल्यास ती फूट मानून त्यांना संरक्षण देण्याची तरतूद त्या वेळी होती. विसांचा एक-तृतीयांश सातांनी पुरा होतो. मोठ्या विधानसभेत एक-तृतीयांश सदस्य जमविणे हे राजकीय मोहिमेसारखे काम असते. तीन सदस्यांच्या पक्षात एक-तृतीयांश म्हणजे एक माणूस. अनुसूची लिहिणाऱ्यांसमोर मोठी सभागृहे असावीत, असे यावरून वाटते.

२००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने फुटीचे हे संरक्षण काढून टाकले. दोन-तृतीयांश सदस्यांनी अन्य पक्षात विलीन होण्याचे संरक्षण मात्र शिल्लक राहिले, आणि लहान सभागृहात दोन-तृतीयांश हा आकडादेखील आवाक्यात येतो. मार्च २०१९ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या तीन सदस्यांपैकी दोन, जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरांपैकी दहा आणि सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या अकरांपैकी आठ सदस्य भारतीय जनता पक्षात गेले. मार्च आणि जुलै २०१९ या दोन्ही वेळी ही संख्या बरोबर दोन-तृतीयांश होती.

अपक्षांसाठी नियम निराळा आहे. अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य निवडणुकीनंतर कोणत्याही राजकीय पक्षात सामील झाल्यास त्याचे सदस्यत्व जाते. त्याला दोन-तृतीयांशाची सवलत नाही, कारण त्याच्यामागे विधिमंडळ पक्षच नाही. हरियाणातील काही अपक्ष सदस्यांच्या प्रकरणी (जगजित सिंह खटला, २००६) सर्वोच्च न्यायालयाने या नियमाची छाननी केली आणि सदस्यत्व रद्द करणारा निर्णय कायम ठेवला. सरकारला बाहेरून पाठिंबा देणे आणि पक्षात प्रवेश करणे या दोन गोष्टींत न्यायालयाने फरक केला. तत्पूर्वी १९९४ मध्ये, गोव्यातूनच गेलेल्या रवी नाईक खटल्यात, पक्ष सोडण्यासाठी राजीनाम्याचा कागद आवश्यक नाही, सदस्याच्या वर्तनावरूनही तसा निष्कर्ष काढता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. पक्षांतराच्या प्रकरणांत या निकालाचा आधार वारंवार घेतला जातो.

तात्पर्य, अपक्षाला पक्षात जाता येत नाही. पण त्याच्या मतावर कोणाचा आदेशही चालत नाही. विश्वासदर्शक ठराव असो वा अर्थसंकल्पावरील मतदान असो, त्याला प्रत्येक वेळी आपला निर्णय आपणच घ्यावा लागतो. मंत्रिमंडळाच्या दृष्टीने ही मोठीच अडचण. ती दूर करण्याचा एक वैध उपाय संविधानाने खुला ठेवला आहे : अपक्षाला मंत्री करणे. मंत्री होण्यासाठी पक्षाचे सदस्यत्व लागत नाही, आणि एकदा मंत्री झाल्यावर सामुदायिक जबाबदारीच्या तत्त्वामुळे तो सरकारविरुद्ध मत देऊ शकत नाही. द्यावयाचे असेल तर आधी पद सोडावे लागते. अपक्षाचे मत सरकारशी बांधून ठेवणारा दुवा म्हणून मंत्रिपद अशा रीतीने उपयोगी पडते.

हा दुवा किती भरवशाचा, हे २०१७ च्या घटनाक्रमावरून दिसते. त्या निवडणुकीत काँग्रेसला १७, भारतीय जनता पक्षाला १३, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आणि गोवा फॉरवर्ड यांना प्रत्येकी ३, राष्ट्रवादी काँग्रेसला १ आणि अपक्षांना ३ जागा मिळाल्या. १४ मार्च रोजी मनोहर पर्रीकर यांच्यासमवेत नऊ मंत्र्यांचा शपथविधी झाला. या नऊपैकी मुख्यमंत्र्यांच्या पक्षाचे दोन होते. उरलेल्या सातांत गोवा फॉरवर्डचे तिघेही सदस्य, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे दोघे आणि दोन अपक्ष होते. १६ मार्चला सरकारने २२ विरुद्ध १६ मतांनी विश्वास संपादन केला. पुढे जुलै २०१९ मध्ये दहा सदस्यांच्या विलीनीकरणाने मुख्य पक्षाचे बळ स्वतःपुरते झाले, आणि काही दिवसांतच गोवा फॉरवर्डच्या मंत्र्यांना व एका अपक्ष मंत्र्याला मंत्रिमंडळातून वगळण्यात आले. हे मंत्री दोन वर्षांपूर्वी होते तेच होते. सभागृहातील आकडे तेवढे बदलले होते.

मत नोंदविण्याचा हक्क

अपक्षाचे मत इतके निर्णायक झाले की ते नोंदविले जाऊ नये असे प्रयत्नही होतात. फेब्रुवारी २००५ मधील घटना या दृष्टीने खेदजनक आहेत. सरकारवरील विश्वासाच्या ठरावाच्या वेळी, पाठिंबा काढून घेतलेल्या एका अपक्ष सदस्याला सभापतींच्या आदेशाने सभागृहाबाहेर काढण्यात आले आणि त्याच्या अनुपस्थितीत सरकारने ठराव जिंकला. राज्यपालांनी त्याच दिवशी ते सरकार बडतर्फ केले. नव्या सरकारने महिनाअखेर विश्वासाचा ठराव मांडला, तेव्हा हंगामी सभापतींनी विरोधी बाजूच्या एका सदस्याला मतदान करू दिले नाही. मते समसमान झाली आणि हंगामी सभापतींच्या निर्णायक मताने ठराव संमत झाला. मार्चमध्ये राज्यात राष्ट्रपती राजवट लागू झाली. दोन्ही प्रसंगी बाजू परस्परविरोधी होत्या, साधन एकच होते. मोठ्या सभागृहात एका सदस्याला बाहेर काढून काही साधत नाही; म्हणून तेथे असा मोहही सहसा होत नाही.

बारा मंत्र्यांची तरतूद

९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाच्या आकारासही मर्यादा घातली. मुख्यमंत्र्यांसह मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांहून अधिक असता कामा नये, हा नियम. महाराष्ट्रात त्याप्रमाणे ४३ मंत्री होऊ शकतात. चाळिसांचे १५ टक्के म्हणजे सहा. सहा जणांनी एका राज्याची सर्व खाती सांभाळणे कठीण, म्हणून परंतुक जोडण्यात आले की कोणत्याही राज्यात मंत्र्यांची संख्या बारापेक्षा कमी असणार नाही. परिणामी गोवा आणि मिझोराम या प्रत्येकी ४० सदस्यांच्या विधानसभांत बारा मंत्री, म्हणजे सभागृहाचे ३० टक्के, आणि ३२ सदस्यांच्या सिक्कीममध्ये साडेसदतीस टक्के होतात.

प्रशासनाच्या सोयीसाठी केलेली ही तरतूद सभागृहाच्या बाजूने पाहिली असता निराळी दिसते. एकवीस सदस्यांच्या सत्तारूढ बाजूत बारा मंत्री, एक सभापती आणि एक उपसभापती धरले तर सात सदस्य उरतात. त्यांच्यासाठी महामंडळांची अध्यक्षपदे असतात. अशी पदे ‘लाभाचे पद’ ठरून सदस्यत्व जाऊ नये म्हणून राज्य विधिमंडळ अनुच्छेद १९१ अन्वये कायद्याने सूट देऊ शकते. संसदीय सचिव नेमण्याची वाटही काही राज्यांनी चोखाळली होती. गोव्यातील अशा नेमणुका मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००९ मध्ये रद्द केल्या, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संसदीय सचिवांविषयीचा आसामचा कायदा घटनाबाह्य ठरविला. महामंडळांची वाट मोकळीच आहे.

प्रश्न कोणी विचारावेत?

अपक्ष आणि लहान पक्ष यांच्यामुळे सरकार अस्थिर होते, ही चर्चा नेहमी होते आणि ती निराधार नाही. तिच्यामागे आणखी एक प्रश्न दडलेला असतो, त्याकडे मात्र दुर्लक्ष होते. विधानसभेचे काम सरकार बनविण्यापुरते नाही. सरकारला जाब विचारणे हेही तिचेच काम आहे. प्रश्नोत्तराचा तास, लक्षवेधी सूचना, लोकलेखा समिती, अंदाज समिती ही त्याची साधने. मंत्र्यांना प्रश्न विचारता येत नाहीत, त्यांनी उत्तरे द्यावयाची असतात. या समित्यांवरही मंत्री नसतात. म्हणून मंत्री झालेला प्रत्येक अपक्ष हा सरकारच्या बाजूस मिळविलेले एक मत असतो, तसाच विचारणाऱ्यांच्या रांगेतून उणा झालेला एक माणूसही असतो. त्याचे मत पक्षादेशाने बांधलेले नव्हते. सत्तारूढ पक्षाच्या सदस्यापेक्षा तो अधिक मोकळेपणाने आणि विरोधी पक्षाच्या सदस्यापेक्षा कमी अभिनिवेशाने प्रश्न विचारू शकला असता. लहान सभागृहात असे मोकळे सदस्य मुळातच दोन-तीन असतात.

सप्टेंबर २०२२ नंतरची संख्या या बाबतीत बोलकी आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत झालेल्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाला २० जागा मिळाल्या होत्या. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे दोन आणि तीन अपक्ष त्यांच्यासोबत होते. आठ सदस्य येऊन मिळाल्यावर सत्तारूढ बाजू ३३ वर गेली आणि विरोधी बाकांवर सात सदस्य उरले. सात जणांनी बारा मंत्र्यांच्या सर्व खात्यांचा अभ्यास करावयाचा, निरनिराळ्या समित्यांवर बसावयाचे आणि आपापल्या मतदारसंघाचीही कामे पाहावयाची! एरवी प्रबळ सरकार हे स्थैर्याचे लक्षण मानले जाते. अर्थसंकल्पीय मागण्यांवरील चर्चा मात्र विचारणाऱ्यांच्या संख्येवर आणि तयारीवर चालते.

विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या आणि २०१५ च्या २५५ व्या अहवालात अपक्षांना निवडणूक लढविण्यास मनाई करावी अशी शिफारस केली होती. ती कायद्यात उतरलेली नाही. मोठ्या राज्यांत मतपत्रिका लांबविणारे असंख्य अपक्ष उमेदवार पाहता या शिफारशीमागील विचार समजण्यासारखा आहे. लहान राज्याच्या बाबतीत मात्र तिच्यामुळे पक्षांच्या बाहेरून येण्याची एकमेव वाट बंद झाली असती.

सर्वच सदस्य अपक्ष असलेले एक सभागृह

या प्रश्नाची मांडणी उलट बाजूने करणारी सभागृहेही जगात आहेत. कॅनडाच्या उत्तरेकडील नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या चौपटीहून अधिक आणि लोकसंख्या चाळीस-पंचेचाळीस हजारांच्या घरात, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी आहे. त्याच्या विधानसभेत १९ सदस्य असतात आणि तेथील निवडणुका पक्षांमार्फत होत नाहीत. निवडून आलेले सदस्य एकत्र येऊन आपल्यातून अध्यक्ष, मुख्यमंत्री आणि सहा मंत्री गुप्त मतदानाने निवडतात. मंत्रिमंडळ सातांचे आणि अध्यक्ष एक, असे आठ वजा केले असता ११ साधे सदस्य उरतात.

या आकड्यांतच तेथील तोलाचे मर्म आहे. मंत्रिमंडळ एकदिलाने मत देते, पण सभागृहात ते नेहमी अल्पमतात असते. प्रत्येक विधेयक आणि प्रत्येक अर्थसंकल्प संमत करून घेण्यासाठी त्याला अकरांपैकी काहींचे मन वळवावे लागते. ज्या सभागृहाने मंत्री निवडला, ते सभागृह ठराव करून त्याला दूरही करू शकते. २०२० मध्ये एका मंत्र्याला असे दूर करण्यात आले. परंतु अकरा सदस्य मिळून पर्यायी सरकार बनविण्याच्या उद्योगास लागत नाहीत, कारण त्यांच्यात पक्ष नाही आणि एका मंत्र्याच्या जाण्याने सगळे सरकार पडतही नाही. आपल्याकडे सरकारविरुद्ध दिलेले एक मत बहुधा सरकार पाडण्यासाठीच दिलेले असते. तेथे ते एखादी चुकीची मागणी नाकारण्यापुरतेही देता येते.

ही पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी आणता येणार नाही. पक्षांवाचून निवडणूक म्हणजे कोणाचे सरकार यावे हे ठरविण्याची संधी मतदाराला नाही. ते सदस्य आपसांत ठरवितात, आणि त्याबद्दल त्या प्रदेशातही तक्रार ऐकू येते. गोव्याची लोकसंख्याही त्या प्रदेशाच्या तिसाहून अधिक पट आहे आणि पक्षांची परंपरा साठ वर्षांची. तरीही मंत्र्यांपेक्षा विचारणारे सदस्य अधिक असावेत, ही तेथील मूळ व्यवस्था पक्षपद्धतीशी विसंगत नाही.

बारा मंत्र्यांचे परंतुक बदलावयाचे तर घटनादुरुस्ती लागेल. समित्यांची रचना, त्यांवर विरोधी आणि अपक्ष सदस्यांना द्यावयाचे स्थान, बैठकांचे दिवस, प्रश्नांसाठी राखून ठेवावयाचा वेळ या गोष्टींसाठी ती लागत नाही. अनुच्छेद २०८ अन्वये आपल्या कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार प्रत्येक विधानसभेस आहे, आणि ते नियम सभागृह आपल्या साध्या बहुमताने बदलू शकते.